पाण्याकाठी बसण्याचाही हक्क आहे!

खान्देशात थंडी पडली की भरीत पार्ट्यांना ऊत येतो. कपाशीच्या काड्या पेटवायच्या, हिरवी वांगी भाजायची, मिरची-लसूण घालून ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर शेतातच पंगत बसवायची. पहूर, शेंदुर्णी, वाकोद परिसरात डिसेंबर-जानेवारीत असा एकही आठवडा जात नाही. त्यात वाईट काही नाही. माणसाने चार घटका मोकळ्या हवेत, झाडाखाली, पाण्याकाठी बसावे, आपल्या माणसांबरोबर हसावे-खिदळावे. ते व्हायलाच हवे.

पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही पार्टी होते कोणाच्या मळ्यात? ज्याच्या नावावर सातबारा आहे, ज्याची विहीर आहे आणि विहिरीकाठी आंब्याचे झाड आहे, त्याच्या मळ्यात! ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याने आपल्या बायको-मुलांना घेऊन कोठे जायचे? मजूर बाई त्या मळ्यात रोज जाते. पण जाते ती निंदायला, कापूस वेचायला. ज्या आंब्याखाली मालकाचे पाहुणे बसतात, त्या आंब्याखाली ती दुपारी अर्धा तास भाकरी खाते आणि पुन्हा ओळीला लागते. तिच्यासाठी तो मळा कामाची जागा आहे, विसाव्याची नाही.

म्हणून आज सहलीवर लिहायचे ठरवले आहे. चळवळीच्या पानावर सहलीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, बेकारी हे प्रश्न आ वासून उभे असताना हे पिकनिकचे खूळ कशाला, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

आपल्या चळवळीतला पहिला मोठा लढा पाण्याकाठचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले, पण फक्त कागदावर. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा कागदाला जीव आला. त्या ओंजळीसाठी लोकांची डोकी फुटली, वर्षानुवर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. तहान भागवणे एवढ्यापुरता तो सत्याग्रह नव्हता. सर्वांच्या मालकीची जी जागा आहे ती आपलीही आहे, हे जगाला दाखवून द्यायचे होते.

महाडची गोष्ट सर्वांना पाठ आहे. दौलताबादची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते, आणि ती तर अक्षरशः सहलीचीच गोष्ट आहे! १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना गळ घातली की आपण सगळे मिळून कोठेतरी फिरायला जाऊ. वेरूळची बौद्ध लेणी पाहायचे ठरले. तीसेक माणसे नाशिकला जमली, भाड्याच्या बस आणि मोटारी केल्या, आणि मंडळी निजामाच्या राज्यात निघाली. कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. दिवसभरच्या प्रवासाने सगळे धुळीने माखलेले होते. किल्ल्याच्या दाराजवळ पाण्याने भरलेले तळे दिसले. कोणी तोंड धुतले, कोणी पाय धुतले. एवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत मागून आला की या अस्पृश्यांनी तळे बाटवले! बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, प्रकरण हातघाईवर आले. तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून रोखाल का, असे बाबासाहेबांनी विचारल्यावर जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, तोही कसा? किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

बॅरिस्टर, मोठमोठ्या पदव्यांचा धनी, गोलमेज परिषद गाजवून आलेला नेता चार सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाला, तर त्याला पाण्याकाठी तोंड धुता आले नाही. आता सांगा, सहल हा किरकोळ विषय आहे काय?

हे फक्त आपल्याकडेच घडले असेही नाही. अमेरिकेत शिकागो शहराला लागून मिशिगन सरोवर आहे. २७ जुलै १९१९ रोजी उकाड्याने हैराण झालेली काही काळी मुले त्या सरोवरात पोहत होती. पाण्यात कोणी रेघ ओढलेली नव्हती, पण गोऱ्यांचा किनारा कोठे संपतो आणि काळ्यांचा कोठे सुरू होतो हे सर्वांना ठाऊक होते. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा त्या न दिसणाऱ्या रेघेपलीकडे वाहत गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडून मेला. पोलिसांनी दगड मारणाऱ्याला पकडायला नकार दिला. त्यानंतर पेटलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. जगात जेथे जेथे माणसाची पायरी ठरवली गेली, तेथे तेथे पाणी आणि पाण्याकाठची मोकळी जागा आधी अडवली गेली.

आणि ही जुनी गोष्ट झाली असे म्हणून कोणी सुटका करून घेऊ नये. जून २०१८ मध्ये याच जामनेर तालुक्यातील वाकडी गावात काय झाले? उन्हाच्या काहिलीत मातंग समाजाची अल्पवयीन मुले एका खासगी विहिरीत पोहायला उतरली. त्या पोरांना विवस्त्र करून मारहाण झाली, धिंड काढली गेली आणि त्याची चित्रफीत मोबाईलवरून देशभर फिरली. अ‍ॅट्रॉसिटी आणि पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, अटक झाली. राजकारण्यांनी मात्र यात जात आहे की नाही यावर वाद घातला. आम्ही वेगळाच प्रश्न विचारतो. विहीर खासगी होती, कबूल. पण मग त्या मुलांनी पोहायचे कोठे? ज्यांच्या बापाची विहीर आहे, त्यांची मुले बापाच्या विहिरीत पोहायला शिकतात. ज्यांच्या बापाची विहीर नाही, त्यांच्यासाठी गावात सार्वजनिक तलाव नको, घाट नको, बाग नको? सार्वजनिक जागा नसली की गरिबाच्या मुलाचा प्रत्येक खेळ दुसऱ्याच्या हद्दीत होतो आणि मग त्याला गुन्हेगार ठरवायला फक्त एक हाक पुरते.

ज्याला मळा आहे, त्याचे उद्यानावाचून अडत नाही. ज्याला मळा नाही, त्याला उद्यान हाच मळा! आमचे म्हणणे एवढेच आहे.

भारतीय संविधानाला हे ठाऊक होते. अनुच्छेद १५ (२) काढून वाचा. दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीच्या जागा, त्याचप्रमाणे सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा सर्वांसाठी वाहिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा यांच्याबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला आडकाठी करता येणार नाही. पाण्याकाठच्या सार्वजनिक उद्यानाला यापेक्षा भक्कम आधार कोणता हवा? १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्यानंतरचे आहेत. त्यांचा पाया संविधानात आहे आणि त्याच्याही खाली चवदार तळे आहे.

दुसरा अनुच्छेद ४३. त्यात राज्याने कामगारांसाठी, मग तो कारखान्यातला असो वा शेतीतला, जगण्यापुरते वेतन आणि चांगले राहणीमान तर मिळवून द्यावेच, पण फुरसतीचा पूर्ण उपभोगही मिळवून द्यावा असे म्हटले आहे. फुरसत! हा शब्द संविधानात आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी यंत्रांची बाजू घेतली ती याच कारणाने. पोटासाठी रात्रंदिवस राबणे हे जनावराचे जिणे आहे आणि फुरसत मिळाल्याशिवाय माणसाला संस्कृती नाही, असे त्यांचे सांगणे होते. कारखान्यातल्या कामगाराला निदान कागदावर पगारी रजा मिळाली. पहूरच्या कापसाच्या शेतात किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला आजही ती नाही. तिला रविवारही नाही; तिची सुटी म्हणजे आठवडे बाजाराचा दिवस, आणि तोही मीठ-मिरची भरण्यात जातो.

आपण प्रवास करत नाही असे नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूर, ६ डिसेंबरला दादर. रेल्वेत उभ्याने जायचे, फलाटावर झोपायचे, रांगेत सहा-सहा तास उभे राहायचे. हा प्रवास कृतज्ञतेचा आहे, तो होतच राहील. खान्देशातले लोक दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगल्यावर जमतात, कारण १९३७ साली बाबासाहेब तेथे राहिले होते. पावसाळी हवा, डोंगर, हिरवळ आणि बरोबर बांधून आणलेली भाकरी. अभिवादनासाठी आलेली म्हातारी माणसेही तेथे जरा टेकतात, लेकरे बागडतात. अभिवादन आणि विसावा यांचे वैर नाही, हे त्या कुरणात दिसते. पण विसाव्यासाठी प्रत्येक वेळी जयंती-स्मृतिदिनाचे निमित्त का लागावे? विसाव्याचा हक्क हा वेगळा, स्वतंत्र हक्क आहे.

तेव्हा या हिवाळ्यात प्रत्येक वस्तीने एक सहल ठरवावी. हौस म्हणून नव्हे, ठरवून, आखणी करून. त्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट दिवसाची. कापसाची वेचणी ऐन भरात असताना सहल ठरवली तर पुरुष जातील आणि बाया शेतात राहतील. शेवटची वेचणी आटोपली की मग दिवस धरावा. हातावर पोट असलेल्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो, याचा हिशेब आधीच करावा. बचत गटात किंवा विहारात आठवड्याला वीस रुपये बाजूला टाकले तरी वर्षात एका माणसामागे हजार रुपये होतात. बसभाडे आणि जेवण त्यात निघते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा लाभ घ्यावा. पाचोरा-जामनेर ही गरिबांची छोटी गाडी पहूरवरून जात असे, ती २०२० साली थांबली. आता एस.टी. किंवा सगळ्यांनी मिळून केलेली गाडी, हाच मार्ग.

दुसरी गोष्ट जागेची. पहूरकरांना दोन जागा सहज जमण्यासारख्या आहेत. एक जळगावचा मेहरूण तलाव. शहरातला मोठा जलाशय, सकाळ-संध्याकाळ शहरातली माणसे तेथे फिरायला येतात. आपली खेड्यातली माणसे जळगावला जातात ती सिव्हिल हॉस्पिटलला, कोर्टात किंवा कलेक्टर कचेरीवर मोर्चा घेऊन. एकदा तरी निव्वळ तलावाकाठी बसायला जावे. लेकरांना कळू द्या की शहर म्हणजे नुसती रांग आणि अर्ज नसतो.

दुसरी जागा अजिंठा. पहूरवरून वाहणारी वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि ज्या नालेच्या आकाराच्या दरीत लेणी कोरली आहेत तिच्यातून वळसा घेते. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी वर्षावासासाठी ही जागा निवडली तीही पाणी, सावली आणि शांतता पाहूनच. म्हणजे आपल्या गावचीच नदी वर चढत गेलो की आपला वारसा! मात्र लेणी हा पिकनिक स्पॉट नव्हे, हे लेणी संवर्धन करणाऱ्या आपल्या तरुणांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. लेण्यांत वंदना करावी, अभ्यास करावा, चित्रांना हात लावू नये, आत खाऊ नये. २६ क्रमांकाच्या लेण्यातले महापरिनिर्वाणाचे शिल्प मुलांना सावकाश दाखवावे. डबे उघडायचे ते खाली आल्यावर, झाडाच्या सावलीत, आणि तेही माकडांवर नजर ठेवून. सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. फर्दापूर फाट्यापासून पुढे तेथल्या बसनेच जावे लागते, ते भाडेही हिशेबात धरावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सहल ठरली की घरातली बाई पहाटे चारला उठते, वीस माणसांच्या भाकरी थापते, डबे भरते, तेथे वाढते आणि घरी येऊन भांडी घासते. ही सहल कोणाची झाली? पुरुषांनो, त्या दिवशी चूल तुमची! भरीत तर तुम्हाला येतेच, मळ्यातल्या पार्टीत तुम्हीच करता. मग ते घरच्या बाईसाठीही करा. सहलीला गेलेली बाई जर दिवसभर कोणाला वाढत असेल, तर तिला फुरसतीचा हक्क मिळाला असे म्हणता येणार नाही.

दारू आणि डीजे बरोबर न्यायचे नाहीत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नसावी. धरणाच्या किंवा पुराच्या पाण्यात पोरांना उतरू देऊ नये, पोहता येणारी दोन मोठी माणसे कायम काठावर असावीत. आणि उठताना जागा आलो तेव्हापेक्षा स्वच्छ असावी. जी जागा आपण आपली म्हणतो, तिची निगाही आपलीच.

शेवटचा मुद्दा मागणीचा. पहूरकरांनी विसाव्यासाठी दर वेळी जळगाव किंवा अजिंठा का गाठावा? पहूरला पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायती आहेत आणि दोहोंच्या जवळून वाघूर वाहते. नदीकाठी सर्वांसाठी खुले उद्यान असावे, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. काय काय हवे तेही लिहून द्यावे. सावलीची झाडे, बसायला कट्टे, पिण्याच्या पाण्याचे नळ, बायांसाठी वेगळे स्वच्छतागृह, उतरायला पायऱ्या आणि कठडा. तिकीट नको. जागा अशी असावी की प्रत्येक वस्तीतल्या म्हातारीला पायी येता येईल. गावाच्या एका अंगाला, ठरावीक घरांच्या दारात नको. नावावरून आणि पुतळ्यावरून भांडणे लावून काम अडवण्याची राजकारण्यांची जुनी सवय आहे. त्यांना सांगावे, आधी नळ आणि स्वच्छतागृह, नाव मागाहून! सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला वडाची झाडे लावली, आमराया केल्या, विहिरी खोदल्या आणि माणसा-जनावरांसाठी केल्या असे शिलेवर कोरून ठेवले. वाटसरूची जात त्याने विचारली नाही. लोकांसाठी सावली आणि पाणी ही राज्यकर्त्याची मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, ही कल्पना याच मातीतली आहे.

ठराव कागदावर राहतात, हे १९२३ पासून आपण पाहत आलो आहोत. म्हणून ठराव करून थांबू नये. ज्या दिवशी ठराव मांडाल, त्याच्या पुढच्या सुटीला वस्तीतल्या सगळ्या कुटुंबांनी, आणि जातिभेद न मानणाऱ्या गावातल्या इतर शेजाऱ्यांनाही बोलावून, भाकरी बांधून वाघूरच्या काठी जावे आणि दिवसभर बसावे. घोषणा नको, निवेदन नको. फक्त बसावे. आपल्या आजोबा-पणजोबांना जे करता आले नाही, ते आपण निवांतपणे करावे. सार्वजनिक जागा वापरली तरच ती सार्वजनिक राहते. सोडली की तिला कुंपण पडते.